कैरोत मी शोधलेलं सत्त्याहत्तर

२०११ च्या नोव्हेंबरअखेर छापून आलेल्या माझ्या एका लेखाचं शीर्षक होतं, ‘तहरीरची पोरं संसदेत जाणार’. बहुतेक वेळा अशी शीर्षकं डेस्कवरची मंडळी देतात आणि शिव्या आम्ही खातो. हे मात्र माझंच होतं. ‘जाणार’पुढे मी प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नव्हतं.

इजिप्तमध्ये मतदान तीन टप्प्यांत होतं, त्यामुळे पूर्ण निकाल लागायला जानेवारी उजाडला. निवडून द्यायच्या ४९८ जागांपैकी २३५ जागा मुस्लिम ब्रदरहूडच्या पक्षानं बांधलेल्या आघाडीला मिळाल्या. सव्वाशेच्या आसपास सलफींच्या, म्हणजे अधिक कडव्या इस्लामवाद्यांच्या, नूर पक्षाच्या आघाडीला. तहरीर चौकातल्या तरुणांची म्हणून जी आघाडी उभी होती, तिची दोन आकडी संख्या गाठतानाही दमछाक झाली. माझ्या लेखात ब्रदरहूडला एक परिच्छेद होता आणि नूर पक्षाला एक वाक्य, तेही कंसात.

नाव चुकलं, आकडा चुकला, तर वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची चौकट छापतात. अख्खं आकलन चुकलं तर त्यासाठी चौकट नसते. मी पुढच्या आठवड्यात ‘इजिप्तचा अनपेक्षित कौल’ असा लेख लिहिला आणि चूक इजिप्तच्या खात्यावर टाकून मोकळी झाले. तो कौल अनपेक्षित कुणाला होता? माझ्यासारख्यांना. कैरोतल्या कुठल्याही किराणा दुकानदारानं तो मला आधी सांगितला असता. एकानं सांगितलाही होता, त्याबद्दल पुढे लिहिते.

मुबारक गेले ११ फेब्रुवारी २०११ ला. जवळपास तीस वर्षांची सत्ता अठरा दिवसांत कोसळली. पुण्यात आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो, आणि माणसांनी खच्चून भरलेला तो चौक पाहून आई म्हणाली, “आपल्या सत्त्याहत्तरसारखंच गं.” ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते पुढची दीड-दोन वर्षं हललं नाही.

माझ्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या लोकांना सत्त्याहत्तरचा, म्हणजे आणीबाणीनंतरच्या निवडणुकीचा, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मी नववीत होते. आणीबाणीत घरातली मोठी माणसं दार लावून बोलायची, आणि मग एकदम सभाच सभा. दुर्गाबाई भागवतांनी कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीला कसा विरोध केला हे घरोघर सांगितलं जात होतं. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले होते. सभेत झोळी फिरायची आणि बायका पैसे टाकायच्या. निकालाच्या रात्री वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर माणसं उभी, फळ्यावर आकडे चढतायत, आणि रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्याची बातमी. मोहन धारिया पुण्यातून निवडून आले, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर. ज्यांनी तुरुंग भोगला, जे रस्त्यावर होते, ते दिल्लीला गेले. चौदा वर्षांच्या मुलीला राजकारणाचा याहून सोपा आणि गोड धडा कुठून मिळणार?

हाच धडा मी चौतीस वर्षांनी कैरोला घेऊन गेले.

खरं तर दोन्हीकडचा क्रमच उलटा होता. आपल्याकडे निवडणूक झाली आणि सत्ता गेली. इजिप्तमध्ये सत्ताधारी आधी गेला, मग निवडणूक आली, आणि मधल्या काळात देश फील्ड मार्शल तंतावी आणि त्यांच्या लष्करी परिषदेच्या हाती होता. आपल्याकडे सेनापतींचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. हा फरक मला ठाऊक होता. एका लेखात मी तो एका ओळीत नोंदवला आणि ज्ञानप्रदर्शन झाल्यावर विसरून गेले.

इशारे मिळत नव्हते असंही म्हणता येत नाही. १९ मार्च २०११ ला घटनादुरुस्तीवर सार्वमत झालं. चौकातली तरुण मंडळी म्हणत होती, ‘नाही’ म्हणा, आधी नवी घटना होऊ द्या, मग निवडणूक. अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेले मोहम्मद अल-बरादेई आणि अम्र मूसाही तेच सांगत होते. ब्रदरहूड आणि सलफी ‘हो’ म्हणत होते. निकाल ‘हो’च्या बाजूनं लागला, ७७ टक्के. क्रांतीला महिना उलटतो न उलटतो तोच देशानं क्रांतिकारकांना सरळ नकार दिला होता. मी काय लिहिलं? लोकांना लवकर स्थैर्य हवं आहे, हा मतदारांचा कल नव्हे, थकवा आहे. गैरसोयीच्या आकड्याला असं हळूच बाजूला सारण्याची कला या धंद्यात फार लवकर येते. २००५ मध्ये, मुबारकांच्या काळात, संघटनेवर बंदी असताना आणि मतदानात दांडगाई होत असतानाही ब्रदरहूडचे लोक अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी ८८ जागा जिंकल्या. हा ८८ चा आकडा माझ्या वहीत होता. मी तो छापलाही होता. पण त्या आकड्याला मी कधी काही विचारलं नाही.

कैरोला पोचले तेव्हा तहरीरला लागून असलेला मोहम्मद महमूद रस्ता पेटलेला होता. १९ नोव्हेंबरपासून तिथे पोलीस आणि तरुणांची झुंज चालली होती, चाळीसहून अधिक माणसं मेली, पंतप्रधान इसाम शरफ यांच्या सरकारनं राजीनामा दिला, आणि मतदान पुढे ढकलणार की काय अशी चर्चा. माझं हॉटेल तलात हर्ब चौकाजवळ. अश्रुधुराचा वास खोलीपर्यंत यायचा. संपादकांचा निरोप होता, “माणसांच्या गोष्टी पाठवा.” गोष्टींना तोटा नव्हता. डोळ्याला पट्टी बांधलेली मुलं, मोटरसायकलवरून जखमींना नेणारे स्वयंसेवक, कांदा आणि व्हिनेगर घेऊन फिरणारे. बहुतेकांशी इंग्रजीत बोलता येत होतं. त्या सोयीला मी माझं नशीब समजले. सगळा देश आपल्याशी इंग्रजीत बोलतोय असं वाटायला लागतं तेव्हा बातमीदारानं सावध व्हायला हवं, हे मला डेस्कवर बसून दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच कळलं असतं.

ती मुलं मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. ‘इख्वान’नं, म्हणजे ब्रदरहूडनं, दगा दिला. ते चौकात आले नाहीत. आम्ही मरतोय आणि ते मतं मोजतायत. मी हे सगळं लिहून घेतलं आणि निष्कर्ष काढला, की इख्वानची नैतिक प्रतिष्ठा गेली, आता त्यांना फटका बसणार. प्रत्यक्षात मुलं अगदी नेमकं वर्णन करत होती. त्या आठवड्यात उदारमतवादी उमेदवारांपैकी कित्येकांनी प्रचार थांबवला होता. चौकातल्या अनेकांना लष्कराच्या देखरेखीखालची निवडणूकच नको होती. इख्वान गल्ल्यांमधून फिरत होते. मतं मोजतायत ही मला शिवी वाटली, बातमी वाटली नाही.

मतदानाच्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सकाळी मी गाडीवाल्याला म्हटलं, इम्बाबाला चल. इम्बाबा म्हणजे नाईलपलीकडची दाटीवाटीची गरीब वस्ती. झमालेक या सुखवस्तू भागातल्या कॅफेंतून उठून आता खऱ्या लोकांकडे जावं असा माझा उदात्त विचार. पूल ओलांडून आम्ही कितकात चौकाच्या आसपास हिंडलो. पोस्टर भरपूर, रांग कुठेच नाही. मी वहीत लिहायला सुरुवातही केली होती, ‘गरिबांची मतदानाकडे पाठ’. शेवटी एका किराणा दुकानदारानं माझ्यासोबतच्या दुभाषी मुलीला हसत हसत सांगितलं, की नदीच्या या बाजूला गीझा प्रांत लागतो आणि गीझाचं मतदान दुसऱ्या टप्प्यात, १४ डिसेंबरला. कोणत्या टप्प्यात कोणते नऊ प्रांत आहेत हा कागद माझ्या पिशवीतच होता. मी ओशाळून हसले. दुकानदार उत्साहात होता, त्यानं न विचारता पुढचंही सांगितलं: इथे ‘मीझान’ येणार, आणि त्याच्या मागोमाग ‘फानूस’. मीझान म्हणजे तराजू, इख्वानच्या पक्षाची खूण. फानूस म्हणजे कंदील, नूर पक्षाची. दुभाषीनं भाषांतर केलं, मी मान डोलावली, आणि गाडीत बसताना ‘गरिबांची पाठ’ खोडून टाकलं. दुकानदाराचं भाकीत मात्र वहीत लिहिलं नाही. मला चुकीच्या नदीकाठावर आणणाऱ्या प्रकरणातलं काहीच लक्षात ठेवायची माझी इच्छा नव्हती.

दुपारी सय्यिदा झैनब भागात बायकांच्या रांगेत उभी राहिले. तिकडे पुरुषांची आणि बायकांची केंद्रं वेगळी. बाई असल्याचा हा फायदा पुरुष बातमीदारांना नव्हता. शाळेच्या भिंतीला वळसा घालून रांग गेलेली. कुणी घडीची खुर्ची आणलेली, कुणी पोरांसाठी बिस्किटं. पुढे गेलेल्या बाया शाई लावलेलं बोट वर करून बाहेर येत होत्या. मी भारावून गेले होते आणि तसं लिहिलंही: लोकशाहीची भूक काय असते ते इथे पाहावं. मतदान न करणाऱ्याला ५०० पौंड दंडाची तरतूद कायद्यात होती आणि रांगेतल्या कित्येक जणी त्याबद्दलच बोलत होत्या, हे दुभाषीनं सांगितलं होतं. पण दंडाच्या धास्तीनं आलेल्या बायका माझ्या वाक्यात नीट बसत नव्हत्या.

त्या रांगेत नकाब घातलेल्या पुष्कळ होत्या. मी त्यांच्यापैकी एकीलाही प्रश्न विचारला नाही. मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की यांना नवऱ्यांनी पाठवलंय. जिचे केस दिसत होते, जी हसून पाहत होती, जिला थोडं इंग्रजी येत होतं, तिच्याकडे मी वळायचे. संध्याकाळी वही चाळली तेव्हा अकरा बायकांच्या मुलाखती होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शिक्षिका, डॉक्टर किंवा विद्यार्थिनी. सय्यिदा झैनबमध्ये! दुभाषी मुलगी हुशार होती. परत येताना तिनं विचारलं, “तुम्हाला त्यांची भीती वाटते का?” मी म्हटलं, छे, वेळ कमी होता.

केंद्रापासून थोड्या अंतरावर एक टेबल होतं. त्यावर लॅपटॉप, मागे दोन तरुण आणि हिजाबातली एक बाई. येणारा माणूस आपलं ओळखपत्र दाखवी, ते क्रमांक टाकून पाहत, कागदाच्या चिटोऱ्यावर त्याची शाळा, खोली आणि यादीतला अनुक्रमांक लिहून देत. चिटोऱ्यावर तराजू छापलेला. या निवडणुकीत मतदार याद्या नव्यानं, राष्ट्रीय ओळखपत्रावरून केलेल्या होत्या, आपलं नाव कुठल्या केंद्रावर आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. त्यात मतपत्रिका दोन. एक पक्षांच्या यादीची. दुसरी व्यक्तिगत उमेदवारांची, तिच्यावर शंभरावर नावं असलेले मतदारसंघही होते, आणि त्यातून दोनच निवडायची. एकच खूण केली तर मत बाद. वर नासेरच्या काळापासून चालत आलेला नियम, की निम्मे प्रतिनिधी कामगार किंवा शेतकरी हवेत. निशाण्यांमध्ये अननस, रणगाडा, टूथब्रश. अशा गोंधळात जो हातात चिटोरा देऊन ‘हा वरच्या मजल्यावर, डावीकडची खोली’ असं सांगतो, त्याचं मोल काय असतं?

हे मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नसेल तरी. असं टेबल मी लहानपणापासून प्रत्येक निवडणुकीत पाहिलेलं आहे. आमच्या वाड्याच्या तोंडाशीच लागायचं. छत्री, मतदार याद्या, स्लिपा फाडून देणारे काका, चहाचे ग्लास. कैरोत लॅपटॉप पाहून मी त्याचा फोटो काढला आणि ‘तंत्रज्ञानाचा वापर’ अशी ओळ लिहिली. इतर पक्षांची टेबलं कुठे आहेत, हे पाहायला मान वळवली नाही.

त्या रात्री दुभाषीच्या घरी जेवायला गेले. तिचे वडील निवृत्त सरकारी नोकर, स्वतःला ‘हिज्ब अल-कनबा’चा, म्हणजे सोफा पक्षाचा सभासद म्हणवणारे. मैदानात न गेलेल्या, घरी सोफ्यावर बसून टीव्हीवर क्रांती पाहिलेल्या लोकांना कैरोत तेव्हा हे नाव पडलं होतं. मुलगी अठरा दिवस तहरीरमध्ये, बाप सोफ्यावर, आणि दोघं एकमेकांची यथेच्छ टिंगल करत होते. वडिलांनी तराजूला मत दिलं होतं. मुलगी चिडली. ते म्हणाले, “आमच्या गल्लीत दुसरं कोणी आलंच नाही.” बकरी ईदला इख्वानच्या लोकांनी स्वस्त मटणाचा स्टॉल लावला होता, गॅस सिलिंडरची टंचाई होती तेव्हा ट्रक त्यांनीच आणवला होता. ते धार्मिक वगैरे फारसे वाटत नव्हते. नमाजाची वेळ जेवणात निघून गेली. मी भरल्या वांग्यांच्या चवीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि गल्लीबद्दलचं वाक्य वहीच्या समासात टिपलं. वर्षभरानं वही पुन्हा उघडली तेव्हा ते तिथे तसंच होतं.

मतमोजणी होण्याआधी मी लेख पाठवून दिला. पहिल्या टप्प्यात याद्यांच्या मतांत ब्रदरहूडच्या आघाडीला ३६.६ टक्के, नूरच्या आघाडीला २४.४, उदारमतवाद्यांच्या इजिप्शियन ब्लॉकला १३.४ टक्के मिळाली, आणि हा कैरो-अलेक्झांड्रियाचा, म्हणजे त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात सोपा टप्पा होता. अलेक्झांड्रियाला जाऊ, तिथे नूर पक्षाचं बळ आहे, असं दुभाषी म्हणाली होती. बातमी कैरोत आहे, असं मी म्हटलं होतं.

जानेवारीत पुण्यात मामांकडे गेले. मामा जनसंघाचे जुने कार्यकर्ते, आणीबाणीत येरवड्याला होते. माझे सगळे लेख ते लाल पेन हातात घेऊन वाचत. आमचं राजकारण जुळत नाही, आणि त्यावरून जेवणाची ताटं थंड झालेली आहेत. त्या दिवशी त्यांनी माझा नोव्हेंबरातला लेख पुढ्यात ठेवला. त्यात मी इजिप्तची तुलना सत्त्याहत्तरशी केली होती, मोठ्या अभिमानानं.

“अगं, तू सत्त्याहत्तर पाहिलंसच कुठे?” ते म्हणाले. “तू सभा पाहिल्यास.”

मग त्यांनी सांगितलं. पुलंच्या सभेला येणारा माणूस आपल्याला मत देणारच होता. जो आला नाही त्याच्या घरी कोण गेलं? धारिया काँग्रेसमधून आलेले, समाजवाद्यांकडे वक्ते, पण घरोघर स्लिपा पोचवायला माणसं आमची, असा मामांचा दावा. “जनता पक्षाचे तीनशेच्या घरात खासदार आले, त्यातले सगळ्यात जास्त कुणाचे?” जनसंघाचे, नव्वदच्या वर. पुढे दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर जनता पक्ष फुटला तो उगीच नाही. आणि महाराष्ट्रात काय झालं, आठवतं का? मी म्हटलं, काँग्रेस भुईसपाट झाली. मामांनी पेन खाली ठेवलं.

घरी येऊन आकडे पाहिले. १९७७ ला महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा होत्या. जनता पक्षाला १९. उरलेल्या शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन अशा मित्रपक्षांना. देशात काँग्रेसचे १५४ खासदार आले, दक्षिणेतल्या तर बहुतेक जागा त्यांच्याकडेच राहिल्या. ज्या लाटेच्या आठवणीवर मी इजिप्तचं भविष्य सांगत होते, ती माझ्याच राज्यात पुण्या-मुंबईच्या बाहेर गेल्यावर बरीच उतरली होती. साखर कारखान्यांचा, जिल्हा बँकांचा महाराष्ट्र सभेला आला नव्हता. तो माझ्या आठवणीत नव्हता, कारण मी सदाशिव पेठेत होते. कैरोत मी झमालेकच्या कॅफेंत होते, एवढाच फरक.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण चूक कळली की माणूस फार जोरात विरुद्ध बाजूला पळतो. मामांचा सिद्धांत मी अख्खाच्या अख्खा उचलला. संघटना म्हणजेच सत्ता. ‘इख्वानचं युग’ या लेखात मी लिहिलं, की १९२८ मध्ये इस्माइलियात हसन अल-बन्नांनी लावलेलं हे रोप ऐंशीहून अधिक वर्षांत इतकं खोल गेलंय, की पुढची किमान वीस वर्षं इजिप्तवर त्यांचंच राज्य राहील. मामांच्या सांगण्यातही पोकळी होती आणि ती मला दिसायला हवी होती. उत्तर प्रदेशात सत्त्याहत्तरला काँग्रेसची ८५ पैकी एकही जागा आली नाही, ते काही मामांच्या मित्रांनी स्लिपा वाटल्यामुळे नव्हे. नसबंदीच्या दहशतीचा संताप स्वतःच्या पायांनी चालत मतपेटीपर्यंत गेला होता. पण मामांनी मला पकडलं होतं, त्यामुळे त्यांचं सगळंच खरं वाटत होतं.

२३ जानेवारी २०१२ ला संसदेची पहिली बैठक भरली. मी ती इंटरनेटवर पाहिली. शपथ घेताना काही सलफी सदस्यांनी ‘शरियतला बाधा येणार नाही इथवर’ अशी पुस्ती जोडली. काही उदारमतवादी पिवळे पट्टे घालून आले होते, नागरिकांवर लष्करी खटले चालवू नका, असं त्यावर लिहिलेलं. पुढे एकदा एका सदस्यानं बैठक चालू असतानाच उठून अजान दिली आणि इख्वानच्याच सभापतींनी, साद अल-कतातनींनी, त्याला खडसावलं. यावर मी चटकदार लेख लिहिले. त्या संसदेला पंतप्रधान बदलता येत नव्हता, अंतिम सत्ता लष्करी परिषदेकडे होती, हे त्या लेखांत शेवटी कुठेतरी असायचं.

मग १४ जून २०१२. सर्वोच्च घटना न्यायालयानं निवडणूक कायद्याचा एक भाग घटनाबाह्य ठरवला. एक तृतीयांश जागा व्यक्तिगत उमेदवारांसाठी होत्या, त्या पक्षांनीही लढवल्या, हा अपक्षांवर अन्याय, म्हणून सगळं सभागृहच रद्द. पाच महिन्यांत संसद संपली. मी पुन्हा ‘धक्कादायक’ हा शब्द वापरला. हेच न्यायालय १९८७ आणि १९९० मध्ये अशाच कारणांवरून निवडणूक कायदे रद्द ठरवून बसलं होतं आणि दोन्ही वेळा संसद बरखास्त झाली होती. कायदा करताना ज्यांनी हा मुद्दा उपस्थित केला होता त्यांचं म्हणणं कैरोतल्या वर्तमानपत्रांत आलं होतं. पण जागावाटपाच्या कलमावर लेख लिहायचा म्हणजे वाचक पान उलटणार, असं आम्ही डेस्कवर धरून चालतो. खरं सांगायचं तर कलमं वाचायला मलाच कंटाळा येतो. इजिप्तच्या त्या संसदेचा जन्म आणि मृत्यू दोन्ही त्या कलमात होते आणि मी रांगेतल्या बायकांच्या बोटांवरची शाई वर्णन करत बसले होते.

तिसरी चूक अजून मोठी आहे आणि ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. ३० जून २०१३ ला तहरीर पुन्हा भरला, या वेळी इख्वानच्या, निवडून आलेल्या अध्यक्ष मोर्सींच्या विरोधात. टीव्हीवर तोच चौक, तेच झेंडे, त्याहून मोठी गर्दी. गर्दी म्हणजे देश नव्हे, हे मी दीड वर्षापूर्वी मामांच्या समोर बसून शिकले होते. तरी मी लिहिलं, ‘लोकांनी दिलेलं लोकांनीच परत घेतलं’. इख्वानबद्दल माझ्या मनात अढी होती, त्यांनी मला खोटं पाडलं होतं हेही असेल, आणि गर्दी मला हवं ते म्हणत होती. ३ जुलैला लष्करानं मोर्सींना हटवलं तेव्हा मी ‘सत्तापालट’ हा शब्द टाळून ‘हस्तक्षेप’ लिहिलं. १४ ऑगस्टला कैरोच्या रबा अल-अदविया चौकातलं इख्वान समर्थकांचं ठाण उठवताना आठशेहून अधिक माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल सांगतो. त्या दिवशी मला दुभाषीच्या वडिलांची आठवण झाली. केंद्राजवळ टेबल लावणारे ते दोन तरुण कुठे असतील, हा विचार आला. माझी वीस वर्षं टिकणारी संघटना दीड वर्षात तुरुंगात होती. मामा तेव्हा फार आजारी होते. ‘लोकांनी दिलेलं लोकांनीच परत घेतलं’ हा लेख त्यांनी वाचला की नाही हे मी विचारलं नाही. लाल पेनची तेवढी धास्ती होती.

२०१५ च्या शरदात इजिप्तमध्ये पुन्हा संसदीय निवडणूक झाली. मोर्सींना हटवणारे लष्करप्रमुख सीसी आता राष्ट्राध्यक्ष होते, इख्वानवर बंदी होती. मतदान जेमतेम अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास झालं. दुभाषीची मेल आली. ती आता एका संस्थेत नोकरी करत होती. तिनं लिहिलं होतं, की सय्यिदा झैनबमधल्या त्याच शाळेत ती मुद्दाम जाऊन आली. आत मतदानावर देखरेख करणारे न्यायाधीश मोबाइल पाहत बसले होते, बाहेर टेबल कुणाचंच नव्हतं, वडील सोफ्यावरून उठले नाहीत. रांगच नव्हती, तुम्हाला मुलाखती घ्यायला कुणी मिळालं नसतं, असंही तिनं गमतीनं लिहिलं. खाली विचारलं होतं: या वेळी काही लिहिणार आहात का?

मी उत्तर पाठवलं, की आमच्याकडे सध्या या विषयात वाचकांना फारसा रस उरलेला नाही. एकाही वाचकाला मी विचारलं नव्हतं.